काकतालीय न्याय आणि हेतूचे कथन

कावळा ताडावर बसतो आणि त्याच क्षणी फळ गळून पडते. या निव्वळ सहघटनेला संस्कृत परंपरेने ‘काकतालीय न्याय’ म्हटले. मराठीने तोच आशय ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ’ या म्हणीत उतरविला. दोन्ही वाक्प्रयोग कावळ्याला दोषमुक्त करतात. भाषेला अशा दोषमुक्तीची गरज भासली, यावरूनच मनाचा पहिला संशय कावळ्यावर जातो हे स्पष्ट होते.

फ्रिट्झ हायडर व मारिआन झिमेल यांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन त्रिकोण व एक वर्तुळ यांच्या हालचालींचा लघुचित्रपट दाखविण्यात आला. पहिल्या गटातील ३४ प्रेक्षकांपैकी केवळ एकाने त्याचे वर्णन भूमितीच्या परिभाषेत केले. उर्वरितांना तेथे सजीवांच्या कृती दिसल्या. झुडपातील सळसळ वाऱ्याची असताना श्वापदाची मानणे ही स्वस्त चूक होय. उलट चूक प्राणावर बेतते. हेतू शोधण्याची ही सवय अशा गरजेतून आली असावी. कथेचे आकलनही याच सवयीवर उभे असते.

ही सवय नीतिविचारात शिरते तेव्हा काय घडते, याचे उदाहरण १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतरच्या वादात सापडते. हजारोंचे प्राण घेणारा हा उत्पात म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दलचे दैवी शासन होय, असे महात्मा गांधींनी म्हटले. रवींद्रनाथ ठाकूरही अस्पृश्यतेचे विरोधकच. तथापि भौतिक घटनेला नैतिक कारण जोडण्यास त्यांनी हरकत घेतली. असा युक्तिवाद गांधींपेक्षा त्यांच्या विरोधकांच्या मनोवृत्तीला अधिक जुळणारा आहे, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचे निवेदन गांधींनी आपल्या उत्तरासह ‘हरिजन’मध्ये छापले.

गांधींचे उद्दिष्ट उदात्त होते, यात शंका नाही. परंतु ढिगाऱ्याखाली दबलेल्यांत अस्पृश्यता पाळणारे आणि ती सोसणारे अशी निवड भूकंपाने केली नव्हती. शासनाची कल्पना स्वीकारताच सोसणाऱ्याचा मृत्यूही त्या शासनाचाच भाग ठरतो. कथेतील फांदी लेखकाच्या योजनेने मोडते. म्हणून तेथे हेतू शोधणे रास्त ठरते. भूकंपाबाबत तोच शोध मृतांवर अपराध लादतो. कावळ्याला निर्दोष ठरविणाऱ्या म्हणीतील विवेक येथे आवश्यक होता.