पाटीवरचं अक्षर: पेंटरच्या हातातलं विज्ञान आणि आपलं कौतुक

नाटकाची समीक्षा होते, पुस्तकाची होते, सिनेमाची तर रिलीजच्या आधीच होते. पण रोज ज्याच्याखालून जातो त्या दुकानाच्या पाटीची समीक्षा कोणी करत नाही. पाटीबद्दल आपण दोनच प्रकारे बोलतो. एकतर शुद्धलेखनाची चूक दाखवून हसतो, नाहीतर ‘काय ते जुने दिवस’ म्हणून फोटो काढतो. या लेखात तिसरा प्रकार करून बघू. माझं संशोधन रंगाच्या थरांवर आहे. ऊन, पाऊस आणि क्षार यांनी ते थर कसे बिघडतात हा माझा रोजचा विषय. त्यामुळे पेंटरच्या कामाकडे मी आधी साहित्य आणि तंत्र म्हणून बघते. माझं म्हणणं असं, की तसं बघितलं तर कौतुकही जास्त नेमकं होतं आणि टीकाही.

सुरुवात अक्षरापासून. सामान्य दृष्टीला साधारण एक कलामिनिट एवढा कोन वेगळा ओळखता येतो, कलामिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. तीस मीटरवरून बघताना हा कोन जवळपास ९ मिलिमीटर भरतो. म्हणजे रस्त्यापलीकडून वाचायच्या पाटीवर दोन रेघांमधली फट ९ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ती बुजते. आता देवनागरीतल्या जोड्या आठवा: ब आणि व, भ आणि म, घ आणि ध, ष आणि प. या सगळ्यांमधला फरक एखाद्या फटीचा, गाठीचा किंवा तिरक्या रेघेचा. चांगला पेंटर ‘भ’च्या डोक्यावरची शिरोरेषेची फट वहीतल्या अक्षरापेक्षा मोठी ठेवतो आणि ‘ब’च्या पोटातली रेघ मोकळी सोडतो. त्याला कलामिनिट माहीत नसेल. पण रस्ता ओलांडून, डोळे बारीक करून पाटी बघायची सवय असते, आणि उत्तर तेच येतं.

दुसरी गोष्ट ब्रशची. चपट्या ब्रशची रुंदी ठरलेली असते, त्यामुळे रेघेची जाडीही ठरते. लांबलचक पाटीवर छोटं नाव बसवायचं असेल तर पेंटर अक्षरांची पोटं रुंद करतो, मधलं अंतर वाढवतो, शिरोरेषा लांबवतो. रेघ मात्र तेवढीच राहते. संगणकावर हेच काम माऊसनं कोपरा धरून ओढून होतं. अक्षर आडवं ताणलं की उभे दंड जाड होतात आणि शिरोरेषा होती तेवढीच राहते. उभं ताणलं की उलटं: शिरोरेषा जाडजूड आणि दंड काटकुळे. कुठल्याही फ्लेक्सवर हे दिसेल. तुम्हाला नाव ‘कसंतरीच’ दिसतं आणि कारण सांगता येत नाही, ते बहुतेक वेळा हेच असतं.

तिसरी गोष्ट ‘ल’ची. मराठी वळणाचा ल दोन पाकळ्यांचा, त्याला उजवीकडे उभा दंड नसतो. हिंदी वळणाच्या ल ला तो असतो. महाराष्ट्र शासनानं २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढून मराठी वळणाचे ल आणि श प्रमाण ठरवले. पण अनेक संगणकी फॉन्टांमध्ये हिंदी वळण आधीपासून बसलेलं होतं, आणि तेच पाट्यांवर उतरलं. आपल्याकडच्या पेंटरनं ल काढताना शासननिर्णय वाचला नव्हता. शाळेत गिरवलेला ल त्याच्या हातात होता.

आता कायद्याकडे या. २०२२ साली राज्यानं दुरुस्ती करून सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची केली. देवनागरी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत, ही अट. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि धावपळ झाली. पाट्या लिहिणाऱ्यांसाठी ही खरं तर सुगी ठरायला हवी होती. पण दोन महिन्यांत एवढ्या पाट्या हातानं होत नाहीत, फ्लेक्स आणि अॅक्रिलिकच्या होतात. कायद्यानं अक्षराची उंची मोजली, वळण मोजलं नाही. त्यामुळे मराठी मोठी झाली, पण बऱ्याच ठिकाणी ताणून मोठी झाली. भाषेचा अभिमान पट्टीनं मोजला की असं होतं.

इथे फ्लेक्सची बाजूही मांडायला हवी. दुकानदार मूर्ख नाही. पॉलिएस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर दिलेलं हे कापड संध्याकाळी सांगितलं की सकाळी लटकतं, त्यात फोटो येतो आणि खर्च कमी. हाताच्या पाटीला पत्रा घासा, रेड ऑक्साइड मारा, वाळू द्या, जमिनीचा रंग द्या, पुन्हा वाळू द्या, मग खडूच्या दोरीनं रेघा आखा आणि अक्षर काढा, एवढं सगळं लागतं. एनॅमल नुसतं सुकत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्यातले रेणू एकमेकांना जोडले जातात आणि घट्ट जाळं तयार होतं. या क्रियेला घाई चालत नाही. पण त्या जाळ्यामुळेच पत्र्याची पाटी वर्षानुवर्षं टिकते. फ्लेक्समधला मऊपणा आणणारा घटक उन्हात हळूहळू निघून जातो, मग कापड कडक होतं आणि तडकतं. स्वस्त काय, हे किती वर्षांचा हिशेब करता त्यावर आहे.

आणि आता जी गोष्ट नॉस्टॅल्जियात कधीच येत नाही ती. जुन्या पाट्यांवरचा तो झगझगीत पिवळा बऱ्याचदा लेड क्रोमेट असायचा. त्याचा अपवर्तनांक जास्त, म्हणून एकाच हातात खालचा रंग पूर्ण झाकतो. पेंटरला तो आवडणारच. पण त्यात शिसं आहे आणि घातक रूपातलं क्रोमियमही. २०१६ च्या नियमांनी घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम केली, आणि नोव्हेंबर २०१७ पासून ती लागू झाली. औद्योगिक रंग त्या नियमाबाहेर राहिले. नियम येण्याआधी रंगवलेल्या पाट्या तर अजून भिंतींवर आहेतच. पुन्हा रंगवायची म्हणजे आधी कोरड्या पॉलिश पेपरनं घासायची. ती धूळ कोणाच्या छातीत जाते? कारखान्यातल्या कामगाराच्या आरोग्य तपासणीसाठी निदान कायद्यात कलमं आहेत. पाटीवाला कुठल्याच हजेरीपटावर नसतो. एवढं तरी नक्की करता येतं: जुनी पाटी ओली करून घासायची, मास्क लावायचा, हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही. तुमच्या ओळखीत कोणी पेंटर असेल तर हे त्याला जरूर सांगा.

पाट्या गेल्या, पण भिंती आल्या, असं कोणी म्हणेल. २०१६ पासून स्वच्छ सर्वेक्षण सुरू झालं आणि शहराशहरांत कंपाउंडच्या भिंती रंगल्या. यात जुन्या पेंटरांना काम मिळालं हे खरं. पण कामाकडे बघा. हातात धरलेली पृथ्वी, झाडाच्या आकाराचं फुप्फुस, कडेला वारली नाच. गाव बदला, भिंत तीच. वारली चित्रं गेरूच्या जमिनीवर तांदळाच्या पिठीनं, लग्नासारख्या प्रसंगी निघत आली. त्यांचा महापालिकेच्या भिंतीवर बॉर्डर म्हणून वापर करताना चित्रातला प्रसंगच गायब होतो. शिवाय भिंतीत ओल असेल तर पाण्याबरोबर क्षार पृष्ठभागावर येतात आणि रंगाला मागून ढकलतात. नवीन गिलाव्यावर एनॅमल मारलं तर सिमेंटचा अल्कधर्मी अंश रंगातल्या एस्टर बंधांना तोडतो, अक्षरशः साबण होतो. हे पेंटरला माहीत असतं. ‘भिंत अजून ओली आहे, पंधरा दिवस थांबा’ असं तो सांगतो. पण पाहणीची तारीख ठरलेली असते, आणि ठेकेदार त्याच्या आणि पालिकेच्या मध्ये उभा असतो. पुढच्या पावसाळ्यात पोपडे निघाले की दोष रंगवणाऱ्याला.

सहीचंही बघा. जुन्या पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात अमुक आर्ट्स आणि फोन नंबर असायचा. ती जाहिरात होती आणि जबाबदारीही: अक्षर चुकलं तर कुठे यायचं ते लिहिलेलं. नव्या भिंतींच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा प्रायोजक असतो. कोल्हापुरात तर ‘पेंटर’ हा शब्दच नाव झाला होता. बाबूराव मेस्त्री हे बाबूराव पेंटर म्हणून ओळखले गेले, नाटकांचे पडदे रंगवता रंगवता १९२० मध्ये त्यांनी ‘सैरंध्री’ केला, आणि आपल्या सिनेमांची पोस्टरंही रंगवली. एम. एफ. हुसेन यांनी मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवले. या दोघांची गोष्ट सांगताना आपण नेहमी ‘तिथून वर आले’ असं म्हणतो. म्हणजे पाटी ही खालची पायरी, हे आधीच ठरवलेलं.

दिल्लीत हनीफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं डिजिटल फॉन्टमध्ये जतन करण्याचा ‘हँडपेंटेड टाइप’ हा प्रकल्प केला, आणि फॉन्टला त्या पेंटरचं नाव दिलं. हे काम मला मोलाचं वाटतं. तरी त्याची मर्यादा त्याच्या स्वरूपातच आहे. फॉन्टमध्ये एका दिवशीचं, एका मापाचं अक्षर गोठतं. पाटीची लांबी, रस्त्याची रुंदी, पत्र्याचा गंज बघून अक्षर बदलण्याचा निर्णय त्यात येत नाही. आणि पेंटरचं खरं ज्ञान त्या निर्णयात आहे.

म्हणून शेवटी एक विनंती. बाजारातून जाताना हातानं लिहिलेली एखादी पाटी शोधा आणि तीन गोष्टी तपासा. रस्त्यापलीकडून भ आणि म वेगळे कळतात का? उभ्या रेघा आणि शिरोरेषा यांचं प्रमाण पाटीभर सारखं आहे का? कोपऱ्यात नाव आहे का? पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं, तर ती पाटी हाताची असूनही वाईट आहे, आणि तसं म्हणायला हरकत नाही. तिन्हींचं ‘हो’ आलं आणि नंबर अजून लागत असेल, तर फोटोवर थांबू नका. घरावरच्या नावाची पाटी त्यांच्याकडून करून घ्या, आणि ‘वाळायला वेळ लागेल’ म्हणाले तर तो वेळ द्या.