कुलवधूचा गळा

ज्योत्स्ना भोळे यांचा विषय निघाला की आपल्याकडच्या बायका हटकून म्हणतात, "काय सोज्ज्वळ गायच्या!" मला तो शब्द खटकतो. तो गाण्याविषयी नाहीच, बाईला दिलेला चांगल्या वागणुकीचा दाखला आहे.

गोव्यातल्या बांदिवड्याची दुर्गा केळेकर लग्नानंतर ज्योत्स्ना भोळे झाली. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'नं 'आंधळ्यांची शाळा' आणलं, संगीत यजमानांचं, केशवराव भोळ्यांचं. रंगभूमीवर बाई तेव्हा नवी नव्हती. कमलाबाई गोखले होत्या, हिराबाई बडोदेकर होत्या. नवं होतं ते पद म्हणणं. आधीच्या संगीत नाटकात पद रंगलं की वन्समोअरवर वन्समोअर, आणि नाटक बिचारं ताटकळत उभं. इथं पद आटोपशीर, बोलण्यातूनच वर आलेलं. शास्त्रीय तालीम घेतलेल्या बाईनं तान गळ्यातच ठेवायची, याला किती संयम लागत असेल!

मग १९४२ ची 'कुलवधू'. लेखक मो. ग. रांगणेकर, संगीत मास्टर कृष्णरावांचं. भानुमती सिनेमात काम करून नाव मिळवते, नवऱ्याला ते सोसत नाही. इब्सेनची नोरा घर सोडून दार ओढून घेते. भानुमती नवऱ्याचं घर सोडते ती सासू-सासऱ्यांकडे जाते. नाटककार इथं कच खातो, असं माझं स्पष्ट मत. प्रेक्षकांतल्या सासवांना दुखवायचं नाही, झालं!

पण ज्योत्स्नाबाईंचा गळा कच खात नाही. त्यातली ती प्रसिद्ध भैरवी ऐका. गोड बोला म्हणून आर्जव आहे, पण लाचारी कुठंच नाही. शब्द स्वच्छ, हरकत एवढीशी, सूर ताठ. नाटक भानुमतीला चांगली सून ठरवत असताना हा आवाज तिला कलावंत ठेवतो.

आपल्या बस्तीत पंचकल्याणकाला सुनेनं भजन म्हटलं की सासू कौतुकानं सगळ्यांकडे बघते. तीच सून नाटकात गाते म्हटली तर रात्री घरात बैठक बसते. 'सोज्ज्वळ' म्हणणाऱ्या बायका त्याच बैठकीत असतात, म्हणून तर तो शब्द मला टोचतो. ज्योत्स्नाबाईंनी पुढं 'आराधना' हे नाटकही लिहिलं. त्याचं नाव मात्र त्यांच्यातल्या कुणाच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही.