अध्ययन निष्पत्ती : अपेक्षा कोणाकडून, उत्तरदायित्व कोणाचे? – शालेय मराठीच्या संदर्भात एक चिकित्सा

बीजसंज्ञा : अध्ययन निष्पत्ती, किमान अध्ययन क्षमता, शिक्षण हक्क कायदा, शालेय मराठी, बहुवर्ग अध्यापन

प्रस्तावना

शाळेत मुलाने काय शिकावे याचा विचार आपल्याकडे दीर्घकाळ पाठ्यपुस्तकाच्या भाषेत केला गेला. पुस्तक संपले म्हणजे शिक्षण झाले, ही समजूत समाजात आणि शासनव्यवस्थेतही रूढ होती. गेल्या साडेतीन दशकांत मात्र ही भाषा बदलली. 'काय शिकवले' याऐवजी 'काय शिकले गेले' हा प्रश्न केंद्रस्थानी आला आणि इयत्तानिहाय, विषयनिहाय अपेक्षांच्या याद्या तयार झाल्या. 'क्षमता' आणि 'अध्ययन निष्पत्ती' या संज्ञा आज प्राथमिक शिक्षकाच्या दैनंदिन टाचणाचा भाग झाल्या आहेत. प्रस्तुत लेखात या अपेक्षांच्या मांडणीची मराठी विषयाच्या अंगाने चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. अशा याद्या असाव्यात की नसाव्यात, हा येथील मुद्दा नाही. कोणतीही अपेक्षा दोन पक्षांमध्ये असते. आपल्या दस्तऐवजांत मुलाची बाजू सविस्तर क्रमांकबद्ध झाली, तर शाळेची व शासनाची बाजू सूचनेच्या पातळीवरच राहिली, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

क्षमतांकडून निष्पत्तींकडे

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर प्रा. रवींद्र दवे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९१ मध्ये किमान अध्ययन पातळीविषयीचा अहवाल सादर केला. पहिली ते पाचवीसाठी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांतील क्षमता त्यात निश्चित करण्यात आल्या. भाषेसाठी श्रवण, भाषण, वाचन, लेखन, आकलन, कार्यात्मक व्याकरण, स्वयंअध्ययन, भाषेचा वापर आणि शब्दसंपत्ती अशी नऊ क्षेत्रे मानली गेली. प्रत्येक क्षमतेला क्रमांक मिळाला आणि किमान ८० टक्के मुलांनी किमान ८० टक्के क्षमतांवर प्रभुत्व मिळवावे, हे उद्दिष्ट पुढे आले. महाराष्ट्रातील क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाची पार्श्वभूमी ही होती.

या मांडणीवर २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने टीका केली. शिकणे ही सलग आणि गुंतागुंतीची प्रक्रिया असून तिचे सुटे तुकडे करून मोजणे अपुरे आहे, असे या टीकेचे सार होते. पुढे २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याच्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती होऊन प्राथमिक स्तरावरील सर्व इयत्तांसाठी अध्ययन निष्पत्ती निश्चित करणे बंधनकारक झाले आणि त्याच वर्षी एनसीईआरटीने त्यांचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. म्हणजे ज्या क्रमांकबद्ध मांडणीवर २००५ मध्ये आक्षेप घेतला गेला, तीच बारा वर्षांनी काहीशा उदार रूपात, परंतु कायदेशीर आधारासह परतली.

या याद्यांचे श्रेय नाकारता येणार नाही. पाचवीतील अनेक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नाही, ही वस्तुस्थिती 'असर' सर्वेक्षणाने २००५ पासून वारंवार समोर आणली. 'अभ्यासक्रम पूर्ण केला' एवढ्या नोंदीवर समाधान मानणाऱ्या व्यवस्थेला निष्पत्तींनी प्रश्न विचारला. आपल्या मुलाला या वर्षी काय यायला हवे, हे पालकाला विचारता येऊ लागले. ही लोकशाहीच्या दृष्टीने मोलाची गोष्ट आहे. म्हणूनच हा प्रश्न अर्धवट विचारला जाऊ नये.

दोन स्तंभ, दोन न्याय

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या प्रारंभी अध्ययन निष्पत्तींचा तक्ता छापलेला असतो. त्यात दोन स्तंभ असतात. एका बाजूस 'सुचवलेली शैक्षणिक प्रक्रिया', दुसऱ्या बाजूस 'अध्ययन निष्पत्ती'. पहिल्या स्तंभात मुलांना कोणत्या संधी मिळाव्यात हे सांगितले आहे : बोलण्याची, चर्चेची मोकळीक, पाठ्यपुस्तकाबाहेरचे विविध वाचनसाहित्य, स्वतःच्या शब्दांत लिहिण्यास वाव इत्यादी. दुसऱ्या स्तंभात मूल काय करू शकेल हे येते. वाचकाने या तक्त्याकडे लक्षपूर्वक पाहिले तर एक फरक ध्यानात येईल. दुसऱ्या स्तंभातील प्रत्येक विधानाला सांकेतिक क्रमांक आहे, पहिल्या स्तंभातील विधानांना नाही.

हा केवळ मुद्रणाचा तपशील नव्हे. ज्याला क्रमांक आहे त्याची नोंद होते, ज्याची नोंद होते त्याची चाचणी होते आणि चाचणीचाच जाब विचारला जातो. नोव्हेंबर २०१७ व नोव्हेंबर २०२१ मधील राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणे निष्पत्तींवर आधारित होती. वर्गात वाचनसाहित्य होते का, मुलांना बोलू दिले गेले का, याची निष्पत्तीगणिक पडताळणी करणारी तोलामोलाची यंत्रणा उभी राहिली नाही. पहिल्या स्तंभातील अट पूर्ण न होता दुसऱ्या स्तंभातील फळाची अपेक्षा करणे म्हणजे पेरणी न तपासता केवळ पीक मोजणे होय.

मोजणीतही संकोच झाला. या सर्वेक्षणांतील प्रश्न बहुपर्यायी होते. भाषेच्या बाबतीत अशा प्रश्नांनी वाचन आणि आकलन काही प्रमाणात तपासता येते. श्रवण, भाषण आणि स्वतंत्र लेखन त्यांच्या कक्षेबाहेर राहते. निष्पत्तींच्या यादीत ऐकलेल्या वा वाचलेल्या मजकुराविषयी स्वतःचे मत मांडणे अपेक्षित आहे, परंतु चार पर्यायांत मुलाचे स्वतःचे मत कधीच नसते. परिणामी यादीतील सर्वांत श्रेष्ठ अपेक्षा व्यवहारात सर्वांत दुर्लक्षित ठरतात.

इयत्तेची कल्पना आणि वर्गाचे वास्तव

निष्पत्ती इयत्तानिहाय आहेत. त्यामागे एक इयत्ता, एक शिक्षक, एक वर्ग असे चित्र गृहीत आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार मात्र पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत पट असल्यास २ शिक्षक देय असतात. म्हणजे कायद्याचे तंतोतंत पालन झाले तरी दोन शिक्षकांना पाच इयत्तांच्या, सर्व विषयांच्या निष्पत्ती एकाच वेळी साध्य करायच्या असतात. वाड्यावस्त्यांवरील शाळांचे हे नित्याचे वास्तव आहे. एकाच कायद्याच्या छत्राखाली शिक्षकसंख्येचा निकष एका गृहीतकावर आणि अध्ययनाचा निकष दुसऱ्याच गृहीतकावर उभा आहे. याच अनुसूचीत प्राथमिक वर्गांसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास अध्यापन अपेक्षित आहे. हे तास इयत्तांमध्ये विभागले गेले की प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला प्रत्यक्ष किती अध्यापन येते, याचा हिशेब निष्पत्तींच्या दस्तऐवजात आढळत नाही.

मराठीचे स्वतःचे प्रश्न

निष्पत्तींचा राष्ट्रीय साचा राज्यभाषांत उतरताना भाषेच्या प्रकृतीचा प्रश्न उपस्थित होतो. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, असे लक्ष्य ठेवण्यात आले. परंतु 'शब्द' हे एकक सर्व भाषांत सारखे नसते. हिंदीत 'पेड के नीचे से' हे चार शब्द होतात, मराठीत 'झाडाखालून' हा एकच. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाला जोडून लिहिली जातात आणि त्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. 'पाऊस' ओळखणाऱ्या मुलाला 'पावसापासून' हा शब्द प्रथमदर्शनी अनोळखी वाटतो. म्हणून मराठीतील ६० शब्द आणि हिंदीतील ६० शब्द हे वाचनाचे समान श्रम नव्हेत. २०२२ च्या पायाभूत अध्ययन सर्वेक्षणात भाषानिहाय स्वतंत्र मानके ठरवण्यात आली, ही योग्य दिशा होय. तथापि वर्गापर्यंत पोहोचतो तो सुटसुटीत आकडाच.

दुसरा प्रश्न घरच्या भाषेचा आहे. अहिराणी, भिली, कोरकू, गोंडी, गोरमाटी बोलणारी मुले शाळेत येतात तेव्हा प्रमाण मराठी त्यांच्यासाठी कमीअधिक प्रमाणात नवी असते. प्रारंभीच्या इयत्तांच्या निष्पत्तींत मुलाच्या स्वतःच्या भाषेतील अभिव्यक्तीला स्थान आहे आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही शक्यतोवर मातृभाषेतून शिक्षणाचा निर्देश आहे. लेखी चाचणी मात्र प्रमाण मराठीतच होते. तेथे दिसणारे 'मागासलेपण' हे मुलाच्या आकलनाचे की परीक्षेच्या भाषेचे, हे निकालपत्रक सांगत नाही.

फुल्यांनी घातलेली सांगड

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणाचा आशय सुचवला होता. मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल व व्याकरणाचे प्राथमिक ज्ञान, शेती, नीती आणि आरोग्य यांचा त्यात समावेश होता. याच निवेदनात त्यांनी शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांचा पगार किमान १२ रुपये असावा, अशीही मागणी केली. काय शिकवावे आणि ते शिकवले जाण्यासाठी राज्याने काय द्यावे, हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकत्र मांडले. आजच्या दस्तऐवजांची तांत्रिक सफाई त्या निवेदनात नाही, परंतु उत्तरदायित्वाची जाण अधिक स्पष्ट आहे.

परिणामांचा भार

हा प्रश्न आता केवळ सैद्धांतिक राहिलेला नाही. २०१९ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा घेण्याची आणि पुनर्परीक्षेनंतरही अनुत्तीर्ण राहिलेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये त्यानुसार नियम बदलले. अपेक्षा पूर्ण न झाल्याची किंमत अशा रीतीने दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या नावावर पडते. मुलाची अध्ययनक्षमता पाहून आवश्यक तेथे जादा अध्यापन करणे हे कलम २४ अन्वये शिक्षकाचे कर्तव्य आहे. त्यासाठी शिक्षकाला वेळ व मनुष्यबळ मिळाले होते का, हे तपासल्याशिवाय मुलाला मागे ठेवणे न्याय्य म्हणता येणार नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात :

१. तक्त्यातील 'सुचवलेली शैक्षणिक प्रक्रिया' हा स्तंभही क्रमांकबद्ध व्हावा आणि शाळाभेटींत त्याची नोंद प्रथम घेतली जावी.

२. दोन-शिक्षकी शाळांसाठी इयत्तानिहाय निष्पत्तींऐवजी टप्पानिहाय गट करावेत.

३. मराठीच्या वाचनमानकांत सामान्यरूप, जोडाक्षरे व शब्दलांबी यांचा विचार व्हावा.

४. मुलाला त्याच वर्गात ठेवण्याच्या निर्णयासोबत त्याला मिळालेल्या जादा अध्यापनाचा लेखी तपशील अनिवार्य असावा.

महाविद्यालयीन अध्यापकांना हा विषय परका वाटू नये. अभ्यासक्रम निष्पत्ती व त्यांच्या प्राप्तीची कोष्टके मूल्यांकनाच्या निमित्ताने आपणही भरत आहोत. ग्रंथालयातील पुस्तके आणि रिक्त पदे यांचा त्या कोष्टकाशी संबंध काय, हा प्रश्न आपल्याही मनात येतो. प्राथमिक शिक्षक तोच प्रश्न आपल्याआधी विचारत आला आहे. मराठी विभागांनी प्राथमिक वाचनातील शब्दरूपांचा अभ्यास हाती घेतला, तर तिसरा निष्कर्ष अमलात आणण्यासाठी लागणारी सामग्री तयार होईल आणि शाळा व महाविद्यालय यांमधील संवादालाही काही ठोस आधार मिळेल.