फूल, खिडकी आणि वगळण्याचा अधिकार

फुलाचे छायाचित्र आपल्या समीक्षेने फारसे गंभीरपणे घेतलेले नाही. माणसांचे चेहरे, ओस पडलेली मोहल्ल्यातली गल्ली, दुष्काळातली जमीन यांच्या छायाचित्रांवर आपण बोलतो. फूल मात्र शुभेच्छापत्र आणि दिनदर्शिका यांच्या खात्यात जमा करून मोकळे होतो. अलीकडे घरातच खिडकीपाशी पांढरा पुठ्ठा उभा करायचा, बाटलीत एकच देठ ठेवायचा आणि मोबाइलने छायाचित्र टिपायचे, ही आवड पुष्कळ वाढली आहे. अशा छायाचित्रात फूल थोडे आणि कोरी जागा फार असते. ही कोरी जागा काय काम करते आणि ती कोणाच्या मर्जीने कोरी राहिली, हे दोन प्रश्न या छायाचित्रांना विचारले पाहिजेत.

एकच फूल, मागे काही नाही, ही मांडणी आपल्याला परकी नाही. जहांगीर बादशहा १६२० साली काश्मीरला गेला, तेव्हा उस्ताद मन्सूर याने तिथल्या शंभराहून अधिक फुलांची चित्रे काढली, अशी नोंद बादशहाने आपल्या आत्मचरित्रात केली आहे. मन्सूरचे लाल ट्यूलिपचे प्रसिद्ध चित्र अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या मौलाना आझाद ग्रंथालयाच्या संग्रहात आहे. ताजमहालाच्या भिंतींच्या खालच्या भागात संगमरवरातून उठावाने कोरलेली फुलझाडे तर आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. पांढऱ्या दगडावर पांढरेच फूल, रंगाचा आधार नाही; उजेड आणि सावली यांच्या भरवशावर ते उभे आहे. छायाचित्रकलेचा जन्म होण्याच्या दोनशे वर्षे आधी आपल्या कारागिरांनी ही नजर कमावली होती.

तसवीर जायज की नाजायज, हा वाद आपल्या घरांतून अजून संपलेला नाही. सहीह बुखारीत हजरत इब्ने अब्बास यांची रिवायत आहे. चित्रे काढून पोट भरणाऱ्या एका माणसाला त्यांनी सांगितले, की काढायचीच असतील तर झाडांची आणि ज्यांत रूह नाही अशा वस्तूंची काढ. त्यामुळे फूल हा बिनधोक विषय ठरला. चित्रकलेची किंवा कॅमेऱ्याची हौस असलेल्या मुलीला घरातून परवानगी मिळते ती बहुधा फुलांपुरती. परवानगीने मिळालेल्या विषयातून खरी कला निर्माण होते का, याचे उत्तर शोधताना मला इमोजेन कनिंगहॅम या अमेरिकी छायाचित्रकर्तीचे काम फार मोलाचे वाटते.

कनिंगहॅम यांचा जन्म १८८३ चा. वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी रसायनशास्त्राचा अभ्यास केला, मग जर्मनीतील ड्रेस्डेन येथे छायाचित्रणाचे रसायनशास्त्र शिकल्या आणि १९१० साली सिअ‍ॅटल शहरात स्वतःचा स्टुडिओ उघडला. छायाचित्रण हा स्त्रियांनी करावा असा व्यवसाय आहे, हे मांडणारा लेख त्यांनी १९१३ मध्ये लिहिला. १९१५ साली चित्रकार रॉय पार्ट्रिज यांच्याशी लग्न झाले. त्याच वर्षी एक मुलगा आणि १९१७ मध्ये जुळे मुलगे झाले. तो स्टुडिओ सुटला, बिऱ्हाड कॅलिफोर्नियात आले. मुले लहान असताना घराचे आवार सोडून जाता येत नव्हते, म्हणून आपण झाडाफुलांकडे वळलो, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे.

या काळातले त्यांचे सर्वांत गाजलेले छायाचित्र म्हणजे १९२५ चे ‘मॅग्नोलिया ब्लॉसम’. चौकटभर एकच पांढरे फूल. मध्यभागी उभा शंकू, त्यावर वळलेले स्त्रीकेसर, तळाशी पुंकेसरांची दाटी आणि भोवती मोठ्या पाकळ्या. पाने नाहीत, फांदी नाही, फुलदाणी नाही, बागही नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या चित्रात कोरी जागा जवळजवळ नाहीच. चौकट काठोकाठ भरलेली आहे, तरीही चित्र कमालीचे साधे वाटते. साधेपणा वगळण्यातून येतो, रिकामी जागा हा त्याचा केवळ एक मार्ग, हे या एका चित्रातून समजते. आज पांढऱ्या पुठ्ठ्यापुढे काढलेल्या अनेक छायाचित्रांत जागा रिकामी असते, पण फुलाकडे पाहिलेले नसते. गुलाबाच्या जागी जरबेरा ठेवला तरी त्या चित्रात फरक पडणार नाही. मॅग्नोलियाच्या जागी मात्र दुसरे फूल ठेवता येत नाही.

याच दशकातल्या ‘टू कॅलाज’ या चित्रात दुसरी रीत दिसते. काळोख्या पार्श्वभूमीवर कॅला लिलीची दोन पांढरी फुले. पांढरे फूल ही छायाचित्रकाराची परीक्षा असते. उजेड जास्त झाला तर पाकळीचे सगळे बारकावे जळून कोरा कागद उरतो. कमी पडला तर पाकळी मळकट दिसते. जवळून छायाचित्र घेताना पुढची कड स्पष्ट आली तर मागची धूसर होते. दोन्ही स्पष्ट हव्या असतील तर भिंगाचे छिद्र बारीक करून उजेड बराच वेळ आत घ्यावा लागतो, आणि तेवढ्या वेळात वाऱ्याची झुळूक आली तर श्रम वाया. कनिंगहॅम यांच्या पाकळ्यांवर शुभ्र ते राखाडी अशा किती तरी छटा शाबूत आहेत. त्यामागे सब्र आहे, आणि रसायनशास्त्राची पदवीही आहे.

तुलनेसाठी जर्मनीचे कार्ल ब्लॉसफेल्ड घेता येतील. त्यांचे ‘उरफॉर्मेन डेर कुन्स्ट’ हे पुस्तक १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. साध्या पार्श्वभूमीवर वनस्पतींचे भाग अनेक पटींनी मोठे करून त्यांनी टिपले, कारण ते कलाशिक्षक होते आणि नक्षीचे मूळ निसर्गात असते हे त्यांना विद्यार्थ्यांना दाखवायचे होते. त्यांचे देठ लोखंडी जाळीच्या कामासारखे दिसतात. ती चित्रे थक्क करतात, पण त्यांतले फूल एखाद्या सिद्धांताचा पुरावा होऊन बसते. कनिंगहॅम यांच्या चित्रात फूल कशाचाही पुरावा नाही. त्यांची मर्यादाही येथेच आहे. त्यांची या काळातली गाजलेली फुले बहुतेक ऐन बहरातली आहेत. कोमेजणे त्यांत क्वचितच येते. मन्सूरच्या ट्यूलिपभोवती फुलपाखरू तरी भिरभिरते, इथे भोवतालच्या जीवनाला फारशी जागा नाही. आकाराची ही ओढ कधी कधी थंड वाटते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. कनिंगहॅम यांची ही कहाणी आपल्याकडे सोयीस्करपणे सांगितली जाण्याचा धोका आहे. घरात राहूनही बाईला कला साधते, मग बाहेर कशाला, असा निष्कर्ष त्यातून सहज काढला जाईल. तो चुकीचा आहे. घराच्या आवारात त्या आल्या तेव्हा विद्यापीठ, परदेशातले शिक्षण आणि स्वतःचा व्यवसाय हे सारे त्यांच्या पाठीशी होते. शिवाय त्या आवारात त्या थांबल्या नाहीत. १९२९ मध्ये श्टुटगार्टच्या ‘फिल्म उंड फोटो’ प्रदर्शनात त्यांची वनस्पतींची छायाचित्रे गेली. १९३२ मध्ये ‘ग्रुप एफ/६४’ या छायाचित्रकारांच्या गटात त्या होत्या. १९३४ मध्ये कामासाठी न्यूयॉर्कला जाण्याची संधी आली. पतीने थांबायला सांगितले, त्या थांबल्या नाहीत, आणि त्याच वर्षी घटस्फोट झाला. नव्वदी ओलांडल्यावर त्यांनी वृद्ध माणसांची छायाचित्रे काढायला घेतली. १९७६ साली त्यांचे निधन झाले आणि ते पुस्तक पुढच्या वर्षी निघाले.

जिच्याजवळ पुष्कळ आहे तिने चौकटीतून काही वगळणे आणि जिला मुळात थोडेच दिले आहे तिने थोड्यात भागवणे, ही दोन चित्रे वरवर सारखी दिसू शकतात. समीक्षेने त्यांतला फरक ओळखला पाहिजे. आपल्या घरांतल्या मुली आज खिडकीपाशी मोगरा, जास्वंद, अबोली ठेवून छायाचित्रे काढत आहेत. त्यांचे कौतुक जरूर करावे. पाकळी जळाली आहे, पार्श्वभूमी फुलाला खाते आहे, हेही त्यांना स्पष्ट सांगावे, कारण कामाला काम मानण्याची ती पहिली खूण आहे. आणि फुलाकडून एखादीचा कॅमेरा दाराकडे, रस्त्याकडे, आईच्या चेहऱ्याकडे वळला, तर तिला अडवू नये. त्यानंतरही ती फुलाकडे परतली, तर तिच्या चित्रातली कोरी जागा तिची स्वतःची असेल.