अंश आणि छेद : बुल माउंटन्स कोळसा खाणीच्या पर्यावरणीय मूल्यमापनाची चिकित्सा

प्रास्ताविक :
पर्यावरणीय मूल्यमापनाचा अहवाल हा सर्वसाधारणपणे तांत्रिक दस्तऐवज मानला जातो. वस्तुतः तो एक युक्तिवादही असतो. काय मोजायचे, कशाच्या तुलनेत मोजायचे आणि कोठे थांबायचे, याची निवड त्यात झालेली असते. अमेरिकेच्या माँटाना राज्यातील बुल माउंटन्स या भूमिगत कोळसा खाणीच्या विस्तारासंबंधीच्या मूल्यमापनाची या दृष्टीने चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
बिलिंग्ज शहराच्या उत्तरेस, राउंडअप गावाजवळ असलेली ही खाण ‘सिग्नल पीक एनर्जी’ ही कंपनी चालवते. येथे ‘लाँगवॉल’ पद्धतीने कोळसा काढला जातो. या पद्धतीत कोळशाचा थर सलग कापून नेतात व मागे उरलेल्या पोकळीत छत कोसळू देतात. परिणामी वरची जमीन खचते आणि तेथील झऱ्यांवर गुरे पोसणाऱ्यांपुढे पाण्याचा प्रश्न उभा राहतो. येथील बहुतांश कोळसा मात्र आशियाई देशांत जाळला जातो.

खाण केंद्र सरकारच्या मालकीच्या कोळशापर्यंत न्यावयाची असल्यास राज्याच्या परवान्याबरोबर केंद्रीय खाण आराखड्यातही बदल मंजूर करून घ्यावा लागतो. १९७० पासून अमलात असलेल्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यानुसार तत्पूर्वी परिणामांचा विचार आवश्यक ठरतो. परिणाम ‘लक्षणीय’ नाहीत असे संक्षिप्त मूल्यमापनात ठरले, तर सविस्तर आघात-अहवालाची गरज उरत नाही. त्यामुळे सारी प्रक्रिया या एका विशेषणावर तोललेली असते.

दोन मूल्यमापने :
२०१५ च्या मूल्यमापनात विस्ताराचे आर्थिक लाभ आकड्यांत मांडले गेले. कोळसा जाळल्याने होणारी हानी पैशांत मोजण्याचे मात्र नाकारण्यात आले. ‘कार्बनची सामाजिक किंमत’ हे साधन त्या वेळी उपलब्ध होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. शिवाय, ही खाण वाढली नाही तरी तेवढाच कोळसा दुसरीकडून येऊन जळेल, असाही दावा करण्यात आला. ऑगस्ट २०१७ मध्ये जिल्हा न्यायाधीश डोनाल्ड मोलॉय यांनी ही एकतर्फी मोजणी अमान्य केली. दुसरीकडून कोळसा येणारच असेल, तर रोजगाराचा लाभही या खाणीच्या खात्यावर मांडता येणार नाही, ही विसंगती येथे उघड आहे.

२०१८ च्या नव्या मूल्यमापनात युक्तिवाद बदलला. विस्तारामुळे होणारे वार्षिक उत्सर्जन जगाच्या वार्षिक उत्सर्जनाच्या सुमारे ०.०४ टक्के, म्हणून ते लक्षणीय नाही, असे सांगण्यात आले. एप्रिल २०२२ मध्ये नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने बहुमताने हे स्पष्टीकरण अपुरे ठरवले. कार्बनची सामाजिक किंमतच वापरा, असा आग्रह न्यायालयाने धरला नाही; लक्षणीयता कोणत्या निकषावर ठरवली, एवढेच सांगण्याची अपेक्षा केली.

विवेचन :
०.०४ टक्के या आकड्यातील अंकगणित चुकीचे नाही. प्रश्न छेदाचा आहे. हानीच्या अंशाखाली संपूर्ण जग हा छेद ठेवला गेला, तर लाभाच्या अंशाखाली स्थानिक परगणा आणि राज्य. राउंडअप परिसरातील काहीशे नोकऱ्यांना जगातील एकूण रोजगाराने भागले असते, तर तो लाभही शून्यवत् दिसला असता. तसे कोणी करत नाही, आणि करूही नये; कारण त्या नोकऱ्यांवर जगणाऱ्या कुटुंबांना तो अपूर्णांक भासत नाही. हाच न्याय खचणाऱ्या जमिनीला आणि तापणाऱ्या हवेला का नाही?

हवामानबदल जागतिक असल्याने जागतिक छेदच योग्य, असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि त्यात तथ्य आहे. परंतु या छेदाने कोणतीही एक खाण, कोणतेही एक वीजकेंद्र नगण्यच ठरते. जे माप प्रत्येक वस्तूचे वजन शून्य दाखवते, त्याला माप म्हणता येत नाही. संचित हानीचे स्वरूपच असे असते की, तिच्यातील प्रत्येक वाटा स्वतंत्रपणे निर्दोष दिसतो.

समारोप :
फेब्रुवारी २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने विस्ताराची मंजुरी रद्द केली. त्यानंतर चित्र पालटले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘सेव्हन काउंटी’ खटल्यात अशा मूल्यमापनांबाबत शासकीय यंत्रणांच्या निर्णयास मोठा मान द्यावा, असा निर्वाळा दिला. जून २०२५ मध्ये केंद्राच्या अंतर्गत व्यवहार विभागाने बुल माउंटन्सच्या विस्तारास पुन्हा मंजुरी दिली. तीनुसार केंद्राच्या मालकीचा २ कोटी २८ लाख टन आणि लगतचा ३ कोटी ४५ लाख टन कोळसा काढता येईल व खाणीचे आयुष्य ९ वर्षांपर्यंत वाढेल.

न्यायालये मागे सरली की अहवाल तपासण्याची जबाबदारी वाचकावर येते. अर्थशास्त्र, भूगोल, विधी आणि भाषा या सर्व विषयांच्या अध्यापकांना येथे काम आहे. प्रत्येक टक्केवारीपाशी थांबून तिचा छेद कोणी निवडला, आणि लाभासाठीही तोच वापरला का, हे विद्यार्थ्यांना विचारायला शिकवता येते. ‘नगण्य’ हा निष्कर्ष अनेकदा मोजणीतून निघत नाही. तो मोजणीपूर्वीच्या निवडीत दडलेला असतो.