तीन वह्या, तीन शेरे

प्रकल्पवहीचे परीक्षण सहसा एका शेऱ्यावर संपते. 'छान', 'सुबक', 'अपूर्ण' असा एखादा शब्द, खाली सही, आणि वही गठ्ठ्यात जाते. पुस्तकांची आणि नाटकांची परीक्षणे छापून येतात. विद्यार्थ्याच्या प्रकल्पाचे परीक्षण मात्र कोणी लिहीत नाही. ते एकदा लिहून पाहावे असे आम्हांला वाटले. त्यासाठी आम्ही तालुक्याच्या गावी आठवीत शिकणाऱ्या एका मुलाच्या तीन वह्या घेतल्या: चित्रकलेची, पाककलेची आणि भाजी लागवडीची. मुलाचे किंवा शाळेचे नाव देण्याचे कारण नाही. अशा वह्या आपल्यापैकी प्रत्येकाच्या टेबलावर येतात.

तिन्ही वह्यांना २० पैकी गुण मिळाले आहेत ते असे: चित्रकला ११, पाककला १४, लागवड १९. आमच्या मते हा क्रम नेमका उलटा हवा होता.

चित्रकलेच्या वहीचा विषय 'वनस्पतींपासून रंग' असा आहे. मुलाने हळदीचा पिवळा, पालकाचा हिरवा आणि जास्वंदीच्या पाकळ्या उकळून काढलेला जांभळट लाल असे तीन रंग केले आणि सूर्योदयाचे चित्र काढले. चित्र बेताचेच आहे. पण त्याखाली दोन नोंदी आहेत. पहिली: जास्वंदीचा रस वाटीत लालसर होता, कागदावर वाळल्यावर निळसर झाला. दुसरी: हळदीचा सूर्य खिडकीत लावला तो पंधरा दिवसांत फिका पडला, दप्तरातल्या कागदावरचा मात्र तसाच आहे. यावर शेरा आहे, 'रंग फिके. जलरंगाने पुन्हा भरावे.' मुलाने आज्ञा पाळली. आता त्या सूर्यावर ट्यूबमधला चकचकीत पिवळा रंग आहे आणि त्यातून शिकण्यासारखे काहीही उरलेले नाही.

वास्तविक या दोन नोंदींत रसायनशास्त्राचे दोन धडे होते. जास्वंदीच्या रंगद्रव्याचा रंग आम्लात लाल आणि अल्कलीत निळा-हिरवा दिसतो. आजकालच्या पुष्कळ कागदांत कॅल्शियम कार्बोनेटची भर असते आणि ते किंचित अल्कधर्मी असते. म्हणजे मुलाचा कागदच दर्शक कागदाचे काम करत होता! हळदीचे रंगद्रव्य तर प्रकाशात टिकत नाही. वरणाचा डाग पडलेला सदरा साबण लावताच लाल होतो आणि उन्हात वाळला की डाग जातो, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. मुलाने एक कागद उजेडात आणि एक अंधारात ठेवून तुलना केली. यालाच आपण नियंत्रित प्रयोग म्हणतो. तो त्याला कोणी शिकवला नव्हता.

उणिवाही आहेत. हळद किती घेतली, पाणी किती, कागद खिडकीत कोणत्या तारखेला लावला, यांपैकी काहीच लिहिलेले नाही. फिका म्हणजे किती फिका, हेही नाही. शेऱ्यात विचारायला हवे होते ते हे.

पाककलेच्या वहीत ज्वारीच्या भाकरीची कृती आहे. पहिली दोन पाने कुठल्यातरी पुस्तकातून उतरवलेली दिसतात. 'चवीपुरते मीठ' आणि 'आवश्यकतेनुसार पाणी' हे शब्दप्रयोग तेरा वर्षांच्या मुलाचे नव्हेत. तिसऱ्या पानावर मात्र तो स्वतः बोलू लागतो: 'भाकरी थापताना कडा चिरल्या. तीन मोडल्या. आई म्हणाली पिठाची विरी गेली, आधणाचे पाणी घे. मग जमली.' यातल्या 'विरी' या शब्दाभोवती लाल शाईने वर्तुळ काढून 'शब्द तपासा' असे लिहिले आहे.

शब्द तपासण्याची गरज नव्हती, तो समजून घेण्याची होती. गव्हाच्या कणकेत पाण्याबरोबर ग्लूटेनचे लवचिक जाळे तयार होते. ज्वारीत ते होत नाही. मग ज्वारीचे पीठ एकत्र धरून ठेवते कोण? मुख्यतः स्टार्च. ज्वारीच्या स्टार्चचे कण साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी शोषून फुगतात आणि खळीसारखे चिकट होतात. आधणाचे पाणी घातल्याने पिठाचा काही भाग असा शिजतो आणि बाकीच्या पिठाला बांधून ठेवतो. पिठाच्या अंगच्या या धरून ठेवण्याच्या गुणाला आपल्या स्वयंपाकघरांत 'विरी' हा नेमका शब्द आहे. पीठ जुने झाले की विरी जाते आणि गेली तर काय करायचे, हेही ज्ञान त्या आईपाशी होते. वहीत ते एका ओळीपुरते आले आणि लाल वर्तुळात अडकले.

इथे विद्यार्थ्याचीही चूक आहे. उपाय सापडल्यावर तो थांबला. तेच पीठ गार, कोमट आणि उकळत्या पाण्यात भिजवून तीन भाकऱ्या थापल्या असत्या आणि कडेच्या चिरा मोजल्या असत्या, तर अर्ध्या तासात प्रकल्प पुरा झाला असता.

आता १९ गुणांची वही. विषय मेथीची लागवड. अक्षर सुवाच्य, समासात वेलबुट्टी, कुंडीची रंगीत आकृती. ३० दाणे पेरले, तिसऱ्या दिवशी ३० उगवले. त्यानंतर रोपांची उंची रोज बरोबर एक सेंटिमीटर वाढत गेली आहे. दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असतानाही शाळेतल्या कुंडीची मोजमापे रोजच्या रोज भरलेली आहेत. सजीव वस्तू अशा शिस्तीत वाढत नाहीत, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही.

वहीच्या शेवटच्या पानामागे पेन्सिलीने लिहिलेली खरी नोंद आम्हांला सापडली: '११ उगवल्या. कुंडीला भोक नाही, पाणी साचले. नंतर ४ राहिल्या.' मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. मातीच्या कणांमधल्या फटी पाण्याने भरल्या की हवेची वाट बंद होते, कारण पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे दहा हजारांश असतो. पाणी जास्त झाले तर रोप का मरते, या प्रश्नाचे उत्तर त्या पेन्सिलीच्या ओळीत होते. पण ती ओळ दाखवण्याजोगी नाही, असे मुलाने ठरवले. हे त्याला कोणी शिकवले?

या संदर्भात विज्ञानाच्या इतिहासातली एक गोष्ट शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावी. ब्रुनो येथील मठाच्या बागेत वाटाणे लावून ग्रेगोर मेंडेलने आनुवंशिकतेचे नियम शोधले आणि १८६६ साली ते प्रसिद्ध झाले. १९३६ साली संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी ते आकडे तपासले, तेव्हा ते अपेक्षेशी गरजेपेक्षा जास्तच जुळतात असे त्यांना आढळले. फिशर यांनी मेंडेलवर फसवणुकीचा आरोप केला नाही. काय उत्तर यायला हवे हे पुरेपूर ठाऊक असलेल्या एखाद्या मदतनिसाचे हे काम असावे, अशी शक्यता त्यांनी मांडली. त्यावर पुढे अनेक वर्षे वाद झाला. मेंडेलच्या बागेत असा मदतनीस होता की नव्हता, कोण जाणे. आमच्या मेथीच्या कुंडीपाशी मात्र तो नक्की आहे. काय आले म्हणजे गुरुजी खूश होतात, हे त्याला पुरेपूर ठाऊक आहे.

हाताने काम करत शिकण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी ती मांडली. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात तिला कार्यानुभव म्हटले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे शिकावे असे सुचवले आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे अन्नतंत्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तेथे मुलांनी गावाच्या उपयोगाच्या वस्तू आणि सेवा द्याव्यात यावर भर होता. याचे मर्म आपण लक्षात घेतले पाहिजे. जी भाकरी कोणीतरी खाणार आहे, तिच्याबाबत खोटे लिहून चालत नाही. जी वही फक्त तपासली जाणार आहे, तिच्याबाबत चालते.

वर्गात साठ मुले, गुण भरण्याची तारीख जवळ, अशा वेळी शिक्षकांनी प्रत्येक ओळ वाचावी कशी, हा आक्षेप खरा आहे. म्हणून आम्ही जास्त वाचायला सांगत नाही, वेगळ्या जागी पाहायला सांगतो. २० पैकी ५ गुण तारीख आणि मापे यांना द्यावेत. ५ गुण 'काय जमले नाही आणि का' या एका परिच्छेदाला द्यावेत. तो परिच्छेद नसेल तर ते गुण नाहीत. ५ गुण पुढे काय करून पाहायचे या प्रश्नाला. सुबकपणाला उरलेले ५ पुरेत. आणि शेऱ्याच्या जागी एक प्रश्न लिहावा. 'रंग फिके' आणि 'रंग का फिके झाले?' यांत दोनच शब्दांचा फरक आहे.

या हिशेबाने मेथीच्या छापील दिसणाऱ्या पानांना आम्ही ५ गुण देऊ. पेन्सिलीच्या त्या ओळीला १०, आणि कुंडीला भोक पाडून मेथी पुन्हा पेरली तर उरलेले ५.