दोरी नसलेलं दार

तुकडोजी महाराजांचं ‘या झोपडीत माझ्या’ हे गाणं पाठ्यपुस्तकात गेलं आणि त्याचं भलंही झालं, थोडं नुकसानही झालं. भलं असं, की महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांना ते तोंडपाठ झालं. नुकसान असं, की ‘कवीला झोपडीतच खरे सुख वाटते’ असं एका वाक्यातलं उत्तर लिहून आपण सगळे मोकळे झालो. चार गुण मिळाले, गाणं मात्र राहून गेलं. ते पुन्हा सावकाश वाचलं तर त्यात गरिबीच्या गौरवापलीकडचं बरंच काही सापडतं. स्वतः रचायचं, स्वतः चाल लावायची आणि हातात एक खंजिरी घेऊन एकट्याने लोकांपुढे उभं राहायचं, अशा माणसाने गाणं बांधलं तर ते कसं बांधावं लागतं, याचा हा अस्सल नमुना आहे.

रचणारा कोण होता ते आधी थोडक्यात पाहू. माणिक बंडोजी इंगळे, जन्म ३० एप्रिल १९०९, अमरावती जिल्ह्यातलं यावली गाव. शाळा प्राथमिक इयत्तांतच सुटली. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी ‘तुकड्या’ हे नाव दिलं आणि तेच पुढे भजनांतली नाममुद्रा झालं. रामटेक, सालबर्डी, गोंदोडा असा रानावनातला मुक्काम, गावोगाव भजनं, १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी पेटले तेव्हा सरकारला या भजनांतही दारूगोळा दिसला. अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं गेलं. १९५५ साली जपानमध्ये विश्वधर्म परिषदेला जाणं झालं. ११ ऑक्टोबर १९६८ ला देह ठेवला. २००५ पासून नागपूर विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखलं जातं. या साऱ्या प्रवासात सोबत राहिली ती खंजिरी.

आणि खंजिरी म्हणजे काय? वीतभर लाकडी कडं, एका बाजूला ताणून बसवलेलं कातडं, कड्याच्या खाचांत खुळखुळणाऱ्या धातूच्या चकत्या. डाव्या हाताने धरायची, उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायची. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं, ऊब मिळाली की पुन्हा बोलू लागतं. तिच्यातून ताल निघतो, सूर निघत नाही. पेटी चुकलेला सूर सावरून घेते. खंजिरी असलं काही करत नाही. म्हणजे चालीचा सगळा भार गळ्यावर आणि शब्दांवर. शब्द तालात चोख बसलेले नसतील तर नुसत्या खंजिरीवर ते तत्काळ उघडे पडतात.

म्हणून या गाण्याचं माप पाहायला हवं. प्रत्येक कडव्यात चार छोटे चरण, प्रत्येक चरणात सात अक्षरं: गुरू, गुरू, लघु, गुरू, लघु, गुरू, गुरू. बारा मात्रा. असे दोन चरण जोडले की आनंदकंद वृत्ताची एक ओळ होते. इक्बालांचा १९०४ सालचा ‘तराना-ए-हिंदी’ याच लयीत चालतो आणि अमरावतीच्याच सुरेश भटांनीही हे वृत्त मोठ्या मायेने वापरलं. चालायला सोपं, थांबायला सोपं असं हे वृत्त. सात अक्षरांवर श्वास घेता येतो, आणि त्या श्वासाच्या फटीत खंजिरीची एक थाप बसते. तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ कागदावर मोजायला बसलात तर छापील रूपात ऱ्हस्व-दीर्घ हलतात, वृत्त मोडल्यासारखं वाटतं. तीच ओळ म्हणून पाहा. तोंड आपोआप एक अक्षर आखूड करतं, दुसरं लांबवतं आणि सगळं जागच्या जागी येतं. ही रचना आधी गळ्यात झाली, कागदावर नंतर उतरली, याची खूण त्या हललेल्या मात्रेतच आहे.

आता यमकं. पहिले तीन चरण एकमेकांशी जुळतात आणि चौथा चरण दर वेळी धृपदच असतो. दोन कडवी होईस्तोवर ऐकणाऱ्याला हा साचा कळतो. तिसऱ्यांदा यमक कानावर पडलं की पुढे काय येणार हे ठाऊक असतं, आणि ठाऊक असलेलं तोंडातून बाहेर पडतंच. एकट्या गायकाची युक्ती इथे आहे. त्याच्यामागे टाळकऱ्यांची रांग नाही, कोरस नाही. म्हणून त्याने समोर बसलेल्यांनाच कोरस केलं आणि त्यांची जागा प्रत्येक कडव्यात राखून ठेवली. तीन चरण माझे, चौथा तुमचा. तो चौथा चरण म्हणताना प्रत्येक जण झोपडीला आपली म्हणतो, ही त्यातली गंमत. शंभर माणसं एका सुरात म्हणतात तेव्हा ती झोपडी शंभर जणांची झालेली असते.

आता आत शिरू. पहिलं कडवं हिशेबाचं आहे: राजाला महालात जी सुखं लाभली असतील ती सगळी मला इथे मिळाली. वाटतं, आता सुखांची यादी येणार. पण दुसऱ्याच कडव्यात गायक जमिनीवर आडवा होतो आणि ताऱ्यांकडे बघत देवाचं नाव घेऊ लागतो. इथे जरा थांबावं. झोपडीत पडून तारे कसे दिसतील? एक तर तो अंगणात पडलाय, नाहीतर झोपडीला छप्परच नाही. शाळेत हा प्रश्न कुणी विचारला नाही. महाराजांनी झोपडीचं वर्णन असं केलेलंच नाही: कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली भुई, चूल, उतरंड, यातलं एकही नाव घेतलेलं नाही. खाली जमीन, वर आकाश आणि मध्ये नाव घेणारा माणूस, एवढ्यावरच घर उभं आहे.

तिसऱ्या कडव्यात महाल परत येतो, पण आता त्याचं वैभव दिसत नाही, धास्ती दिसते. पहारे आहेत, तिजोऱ्या आहेत, आणि तरी चोऱ्या होतातच. इकडे दाराला बांधायला दोरीसुद्धा नाही. कडी-कुलूप राहिलंच, साधी दोरीही नाही, ही बारीक नोंद खेड्यातलं दार पाहिलेला माणूसच करू शकतो. आपल्याकडे पुष्कळ घरांचं दार बाहेर जाताना दोरीने अडकवून ठेवत. माणसासाठी नव्हे, कुत्र्या-मांजरासाठी. महाराजांनी तेवढाही बंदोबस्त काढून टाकला.

चौथं कडवं माझ्या मते गाण्याचं मर्म आहे. त्या महालाकडे गेलो आणि आत यायची मनाई झाली. अडवणारा माणूस इथे दिसत नाही. नकाराचा शब्द तेवढा समोर येतो. दारावर अडवलं जाणं ज्यांनी सोसलंय त्यांना हे लगेच कळेल, कारण नकार देणाऱ्याचा चेहरा बहुतेकदा आठवत नाही, शब्द आठवतो. आपल्या समाजात देवळाच्या, वाड्याच्या, पाणवठ्याच्या वाटेवर हा शब्द किती जणांनी ऐकलाय! महाराज त्यावर तक्रार करत नाहीत, संतापतही नाहीत. पुढच्याच चरणात सांगतात, इकडे यायला भीती नको. म्हणजे महालाचा खरा दोष त्याची श्रीमंती नाही, त्याचं बंद दार आहे. झोपडीचं मोठेपणही तिच्या गरिबीत शोधायला नको. ती कुणाला अडवत नाही, एवढंच तिचं मोठेपण. हे ध्यानात आलं की ‘गरिबीचं उदात्तीकरण’ हा या गाण्यावरचा नेहमीचा आक्षेप बराचसा गळून पडतो. गरिबी चांगली असं मानणारा माणूस ‘ग्रामगीते’चे एक्केचाळीस अध्याय लिहून गावाची सफाई, आरोग्य, उद्योग यांची उठाठेव कशाला करेल?

पाचव्या कडव्यात मऊ बिछाने आणि उंची दिवे येतात. हे कडवं खापरखेड्यात ऐकलं की वेगळं लागतं. सावनेर तालुक्यातलं हे गाव म्हणजे १३४० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र. २१० चे चार संच आणि ५०० चा एक. आजूबाजूला सिल्लेवाडा, वलनीच्या कोळसा खाणी. दूरच्या शहरांतले दिवे पेटतात ते अशाच ठिकाणच्या कोळशावर, आणि राख उरते ती इथे. पाळी संपवून घरी आलेल्या माणसापुढे महालातले दिवे आणि आपली जमीन असा जोड कुणी ठेवला, तर त्याला तो अलंकार वाटत नाही. रोजचा व्यवहार वाटतो. खाण आणि वीज केंद्रामुळे इथे हिंदी बोलणारेही पुष्कळ. महाराजांनी मराठीइतक्याच सहजतेने हिंदीतही भजनं रचली, त्यामुळे या भागात त्यांच्या गाण्याला भाषेची अडचण कधी पडली नाही.

सहाव्या कडव्यात गाणं पहिल्यांदाच वळून समोरच्याशी बोलतं. आतापर्यंत ‘मी’ आणि ‘महाल’ होते, आता ‘तुम्ही’ आलात. खुशाल या, जायचं तर खुशाल जा, कुणावर ओझं नाही. येण्याचं आमंत्रण सगळेच देतात. जाण्याची मोकळीक देणारा यजमान विरळा. जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणणाऱ्या आपल्या पाहुणचारात प्रेम असतं तसं थोडं दडपणही असतं. इथे ते नाही. आणि गायक एकटा असेल तर ही मोकळीक द्यायला छाती लागते, कारण त्याच्यापाशी समोरच्या माणसाखेरीज दुसरं काही नसतं. तो उठून गेला तर मैफल संपली. तरी हा म्हणतो, जा.

सातव्यात इंद्र येतो. पुराणातला इंद्र आपल्याला ठाऊक आहे: कुणाचं तप वाढलं की त्याचं आसन डळमळतं आणि तो अप्सरा धाडतो. या गाण्यातला इंद्र कारस्थान करत नाही, नुसता लाजतो. लाजण्याने तो एकदम माणसात येतो. राजापासून सुरू झालेली तुलना देवांच्या राजापर्यंत चढते आणि तिथे शांतपणे विसावते. त्यामुळे पुष्कळांच्या तोंडी गाणं इथेच संपतं.

पण रचना इथे संपत नाही. पुढच्या एका कडव्यात, ज्याने हे सारे वाडे आणि महाल घडवले तोच इथे राहायला आलेला आहे. आणि अखेरीस नाममुद्रेचं कडवं, ज्यात ‘तुकड्या’ देवापाशी स्फूर्ती मागतो. नाममुद्रा ही आपल्याकडची जुनी रीत. तुकोबा, जनाबाई, चोखोबा, सगळ्यांनी ती सांभाळली. प्रकाशक नव्हते, मुखपृष्ठ नव्हतं, तेव्हा ‘हे माझं’ असं सांगण्याची तीच एक सोय होती. गाणं गावातून गावात जाताना जी कडवी गळली त्यांत नेमकं ते नावाचं कडवं असावं, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. दार उघडं ठेवणाऱ्याच्या घरातून शेवटी त्याच्याच नावाची पाटी गेली, आणि घराचं काही बिघडलं नाही.

कडवी अशी गळण्यावरून महाराजांचाच समकालीन असा सातासमुद्रापारचा एक माणूस आठवतो. अमेरिकेतला वुडी गथ्री, १९१२ ते १९६७. हाही एकटाच, गिटार घेऊन स्वतःची गाणी गात मजुरांत, विस्थापितांत हिंडणारा. त्याच्या १९४० सालच्या ‘धिस लँड इज युवर लँड’ या गाण्यात एक कडवं असं होतं की वाटेत भिंत लागते, तिच्यावर खासगी मालकीची पाटी असते. तिकडच्या शाळांतून गाणं घुमलं ते बहुधा ते कडवं वगळूनच. म्हणजे दोघांनीही बंद दार पाहिलं, दोघांनीही त्यावर गाणं रचलं, आणि दोघांचीही गाणी पाठ्यपुस्तकात जाताना काही मागे ठेवून गेली. फरक एवढाच की गथ्रीच्या गाण्यातून भिंत गळली. महाराजांच्या गाण्यातून गळलं ते स्वतःचं नाव, मनाईचं कडवं मात्र शाबूत राहिलं. आपल्या मुलांनी ते घोकून पाठ केलं, हे आपलं नशीब.

आज खापरखेड्यातलाच एखादा पोरगा दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये पंखा बंद करून मोबाइलवर स्वतःचं गाणं रेकॉर्ड करतो, बीट स्वतः बसवतो आणि रात्रीतून जगापुढे टाकतो. त्याला मोझरीपर्यंत पायी जायला नको, छापखान्याची वाट बघायला नको. पण समोर कुणी बसलेलं नसतं, आणि चौथा चरण उचलणारं कुणी नाही हे त्याला ऐकू येत नाही. ऐकणाऱ्यांचा आकडा दिसतो, आवाज येत नाही. अशा वेळी या जुन्या गाण्याकडे कारागिराच्या नजरेने पाहावं. श्वासाच्या मापाचे चरण, तिसऱ्या यमकावर लागणारी चाहूल, दुसऱ्याच्या तोंडी सहज बसेल असं धृपद, आणि ऐकणाऱ्याला उठून जायची मुभा. यातलं काहीच महागड्या यंत्रातून येत नाही.

आणि मग एक कसोटी उरते, जी महाराजांच्या गाण्याने कधीच पार केली. आपण समोर नसताना, आपलं नाव न घेता, आपल्या वाद्याशिवाय कुणी हे गाणं म्हटलं तर ते उभं राहतं का? राहिलं, तर ते गाणं लोकांना खरोखर दिलं गेलं असं समजावं. नाही राहिलं, तर गाणं आपल्याच घरात आहे आणि दाराला दोरी अजून बांधलेली आहे.